धन आयनाची लुईस संरचना : वजा केलेला इलेक्ट्रॉन नक्की कुणाचा?

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. सध्या भाचीचा रसायनशास्त्राचा अभ्यास घेतेय आणि गाडी अडलीय ती लुईस संरचनांवर, म्हणजे अणूंमधले बंध रेघांनी (एक रेघ म्हणजे दोन इलेक्ट्रॉन) आणि उरलेले बाहेरचे इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी दाखवतात त्या आकृत्यांवर. साधे रेणू म्हणजे पाणी, अमोनिया, कार्बन डायॉक्साइड वगैरे ती पटापट काढते. पण डोक्यावर प्लस आला, म्हणजे धन आयन आला, की गोंधळ सुरू.

अमोनियमचं सांगते. एक नायट्रोजन, चार हायड्रोजन. तिने मोजले ५ आणि ४, झाले ९. मग म्हणाली प्लस आहे म्हणजे एक मिळवायचा, झाले १०. चार रेघा काढल्या, ८ संपले, उरलेले दोन नायट्रोजनवर ठेवले आणि मग स्वतःच थांबली की अरे नायट्रोजनभोवती तर १० झाले, हे कसं चालेल. मी सांगितलं की प्लस म्हणजे इलेक्ट्रॉन कमी झालाय म्हणून वजा करायचा, तर तिने लगेच विचारलं, "मावशी, वजा केला तो कुणाचा? नायट्रोजनचा की हायड्रोजनचा? आणि हायड्रोजनचा असेल तर चारातल्या कुठल्या?" प्रश्न मला फार आवडला पण उत्तर नीट देता आलं नाही.

दुसरं म्हणजे नायट्रोसोनियम, एनओ+. तिच्या पुस्तकात उत्तर दिलंय की मधे तिहेरी बंध आणि प्लस ऑक्सिजनवर. तिचं म्हणणं असं की ऑक्सिजन जास्त विद्युतऋण आहे, इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढणारा आहे, मग प्लस त्याच्याच डोक्यावर कसा, नायट्रोजनवर असायला हवा. मलाही तसंच वाटतंय. पुस्तक चुकलंय का?

जाणकारांनी कृपया सविस्तर सांगा, पोरगी मनापासून विचारतेय आणि मला तिला "पाठ कर" म्हणायचं नाहीये.

निळालिटमस

पुस्तक बरोबर आहे, पण भाचीचा प्रश्न त्याहून चांगला आहे. दुसऱ्याचं उत्तर कुणीतरी शिकवणारं देईल, मी पहिल्याबद्दल लिहितो.

कुणाचा हा प्रश्नच लुईस संरचनेत लागू होत नाही. आपण आधी काय करतो, तर सगळ्या अणूंचे संयुजा इलेक्ट्रॉन, म्हणजे सगळ्यात बाहेरच्या कवचातले, एका हौदात ओततो. एकदा ओतले की हे नायट्रोजनचे आणि हे हायड्रोजनचे अशी खूण कुठल्याच इलेक्ट्रॉनवर राहत नाही, इलेक्ट्रॉन सगळे तंतोतंत एकसारखे असतात. मग आयनावर जितके प्लस तितके हौदातून बाहेर काढायचे, आणि जे उरतील ते नव्याने वाटायचे. अमोनियमसाठी ५ + ४ = ९, एक काढला, ८ उरले. चार रेघा काढल्या की ८ संपले. नायट्रोजनचं अष्टक (भोवती आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण, हायड्रोजनला प्रत्येकी दोन, लोन पेअर (बंधात नसलेली जोडी) शिल्लक नाही. पूर्ण आकृतीला चौकोनी कंस घालायचा आणि कंसाच्या बाहेर वर उजवीकडे प्लस. कंसाचा अर्थच हा, की चार्ज सगळ्या आयनाचा आहे.

हायड्रोनियम, एच३ओ+ : ६ + ३ = ९, वजा एक, ८. तीन रेघांत ६ गेले, उरलेले २ ऑक्सिजनवर लोन पेअर म्हणून. अमोनियाशी ताडून बघा, तीच आकृती फक्त मधला अणू वेगळा. हे दोघं समइलेक्ट्रॉनी आहेत, म्हणजे दोघांचे इलेक्ट्रॉन सारखेच.

तिला सांगा की रेघ काढण्याआधी आकडा कागदाच्या कोपऱ्यात लिहून त्याला गोल करायचा आणि आकृती झाली की रेघा गुणिले दोन अधिक ठिपके मोजून तो आकडा येतोय का बघायचं. माझ्या पाहण्यात धन आयनात होणाऱ्या बहुतेक चुका इथेच सापडतात.

रिकामीकक्षा

प्लस म्हणजे मिळवायचं हे सगळ्यांचंच होतं सुरुवातीला. इलेक्ट्रॉन स्वतः ऋण आहे हे डोक्यात असलं तरी हात बेरीज करतो. मला एकाने सांगितलं होतं की चिन्हाकडे न बघता "काय गेलं" हे एका शब्दात लिही, "एक गेला" किंवा "दोन आले", मग आकडेमोड कर. तेव्हापासून चूक झाली नाही.

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

निळालिटमस, हौद तिला एकदम पटला. पण तिने पुढे लगेच शंका काढली. अमोनियम बनतो कसा, तर अमोनियाच्या लोन पेअरला एक एच+ येऊन चिकटतो. एच+ म्हणजे ज्याचा इलेक्ट्रॉन आधीच गेलाय असा हायड्रोजन. मग गेलेला इलेक्ट्रॉन त्या चौथ्या हायड्रोजनचा, हे तर नक्की सांगता येतंय ना? आणि तो चौथा बंध वेगळा असायला हवा, बाण काढून दाखवतात तो, दोन्ही इलेक्ट्रॉन नायट्रोजनने दिले म्हणून.

खडूचीभुकटी

मी शिकवते, त्यामुळे या शंकेशी माझी जुनी ओळख आहे. तुमच्या भाचीने इतिहास आणि हिशोब या दोन गोष्टी एकत्र केल्यात. आयन कसा *बनला* हा इतिहास. बनल्यावर तो कसा *आहे* ही संरचना. अमोनियम एकदा बनला की चारही एन-एच बंध सारख्या लांबीचे, साधारण १.०३ अँगस्ट्रॉम, सगळे कोन १०९.५ अंशांचे, कुठला हायड्रोजन शेवटी आला ते कुठल्याही प्रयोगाने ओळखता येत नाही. बाण काढायला हरकत नाही पण तो बंध कुठून आला एवढंच सांगतो, बंध वेगळ्या जातीचा आहे असं नाही सांगत.

आणि तुम्ही दुसऱ्या वाटेनेही जाऊ शकता. नायट्रोजनचा एक इलेक्ट्रॉन काढा, एन+ उरेल, चार एकटे इलेक्ट्रॉन असलेला, अगदी कार्बनसारखा. त्याला चार हायड्रोजन अणू जोडा. तोच अमोनियम! पहिल्या वाटेने "हायड्रोजनचा गेला" म्हणाल, दुसऱ्या वाटेने "नायट्रोजनचा गेला" म्हणाल, आणि हातात येणारी वस्तू एकच. ज्या प्रश्नाचं उत्तर वाट बदलली की बदलतं तो प्रश्न त्या वस्तूबद्दलचा नसतो. हे वर्गात सांगितल्यावर मुलांचे चेहरे उजळतात ते मला दर वर्षी बघायला आवडतं.

गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ साली इलेक्ट्रॉनच्या जोडीची कल्पना मांडली तेव्हाच हे म्हटलं होतं, की वाटून घेतलेला इलेक्ट्रॉन दोन्ही अणूंच्या कवचाचा भाग असतो आणि तो कुणा एकाचाच आहे असं म्हणता येत नाही. म्हणजे हौद ही आपल्या सोयीची युक्ती नाहीये, मूळ कल्पनेचा गाभाच तो आहे.

नायट्रोसोनियमवर रात्री लिहिते, घाईत लिहिण्यासारखं नाहीये ते.

तांबडाफॉस्फरस

एक बारीकसा प्रश्न. सोडियम आयनाभोवती ठिपके काढायचे की नाही? काही ठिकाणी नुसतं कंसात सोडियम आणि प्लस असतो, काही ठिकाणी आठ ठिपके काढलेले असतात.

निळालिटमस

दोन्ही चालतं पण एका उत्तरात एकच पद्धत ठेवा. सोडियमचा बाहेरच्या कवचातला एकुलता एक इलेक्ट्रॉन गेला, ते कवच रिकामं, म्हणून ठिपके शून्य. आठ काढणारे आतलं कवच आता बाहेरचं झालं असं धरतात. मी शून्यवाला, कारण हौदाच्या हिशोबाशी जुळतं : १ वजा १ म्हणजे ०. मॅग्नेशियमचं २ वजा २, ०.

खडूचीभुकटी

हं, आता एनओ+. हौद : ५ + ६ − १ = १०. दोन अणू, दहा इलेक्ट्रॉन.

भाचीला वाटतंय तसं प्लस नायट्रोजनवर यावा अशी आकृती खरंच काढता येते, आणि ती तिने काढून बघायलाच हवी. दुहेरी बंध घ्या, ४ गेले, ६ उरले. ऑक्सिजनवर दोन लोन पेअर, नायट्रोजनवर एक. ऑक्सिजनचं अष्टक झालं पण नायट्रोजनभोवती किती? ४ बंधातले आणि २ स्वतःचे, सहाच. आता औपचारिक चार्ज काढा. रीत सोपी आहे, अणूचे मूळचे संयुजा इलेक्ट्रॉन घ्यायचे आणि त्यातून त्याच्यावरचे ठिपके आणि त्याला लागलेल्या रेघा वजा करायच्या, रेघ एक म्हणून मोजायची कारण जोडीतला अर्धा वाटा त्याचा. नायट्रोजन : ५ − २ − २ = +१. ऑक्सिजन : ६ − ४ − २ = ०. बेरीज +१, जुळलं. तिचं म्हणणं या आकृतीत पूर्ण होतं.

आता तिहेरी. ६ गेले, ४ उरले, दोघांवर एकेक लोन पेअर.

[ : एन ≡ ओ : ]+

नायट्रोजन : ५ − २ − ३ = ०. ऑक्सिजन : ६ − २ − ३ = +१. इथे दोघांचीही अष्टकं पूर्ण आहेत आणि बंध एक जास्त आहे. किंमत एवढीच मोजावी लागते की प्लस ऑक्सिजनवर लिहावा लागतो.

मग यातलं कुठलं खरं हे ठरवायला नियमांच्या भांडणात पडण्यापेक्षा मोजमापाला विचारावं. साध्या नायट्रिक ऑक्साइडमधे, म्हणजे चार्ज नसलेल्या एनओमधे, बंधाची लांबी सुमारे १.१५ अँगस्ट्रॉम आहे. एनओ+ मधे ती १.०६ होते. इलेक्ट्रॉन काढला आणि बंध *आखूड* झाला, घट्ट झाला! दुहेरी बंधवाल्या आकृतीने हे समजत नाही, तिहेरीने समजतं. शिवाय दहा इलेक्ट्रॉनचे दोन अणू म्हणजे नायट्रोजन वायू, कार्बन मोनॉक्साइड, सायनाइड, सगळे तिहेरी बंधवाले, हा त्यांच्याच घरातला.

म्हणून पहिल्या-दुसऱ्या ओळीच्या अणूंसाठी मी क्रम असा सांगते : आधी अष्टकं भरा, मग विद्युतऋणता बघा. दोन आकृत्यांत अष्टकं सारखीच भरली असतील तरच प्लस कमी विद्युतऋण अणूवर द्यायचा हा नियम निवाडा करतो. तो नियम अष्टकाच्या वर नाही.

शोषणपट्टी

वा, छान लिहिलंय. यालाच जोडून अ‍ॅसिलियम आयन बघा, सीएच३सीओ+. बऱ्याच ठिकाणी प्लस कार्बनवर काढतात, कार्बन-ऑक्सिजन दुहेरी, आणि कार्बनभोवती सहाच. पण ऑक्सिजनने एक लोन पेअर आत दिली की तिहेरी बंध होतो, सगळ्यांची अष्टकं भरतात आणि प्लस ऑक्सिजनवर जातो, आणि रेझोनन्समधे, म्हणजे एकाच आयनाच्या सगळ्या आकृत्या मिळून जे चित्र होतं त्यात, हिचाच वाटा मोठा. हौद १६ चा : कार्बनचे ८, हायड्रोजनचे ३, ऑक्सिजनचे ६, वजा १. एनओ+ मधे जे झालं तेच, फक्त नायट्रोजनच्या जागी सीएच३सी.

रिकामीकक्षा

मला हे पटत नाहीये आणि मी मुद्दाम स्पष्ट लिहितोय. अ‍ॅसिलियमवर इलेक्ट्रॉन देणारा कुणी हल्ला करतो तेव्हा तो कार्बनवर करतो, ऑक्सिजनवर नाही. बेंझीनला कीटोन बनवताना कार्बनच जोडला जातो. एनओ+ सुद्धा नायट्रोजनच्या बाजूने जोडला जातो, अ‍ॅनिलिनपासून डायअ‍ॅझोनियम बनवताना पहिला बंध नायट्रोजन-नायट्रोजन असाच होतो. मग प्लस ऑक्सिजनवर लिहून आपण विद्यार्थ्याची दिशाभूल नाही का करत? प्लस जिथे तिथे मायनस जाणार असंच कुणालाही वाटणार.

खडूचीभुकटी

तुमचा आक्षेप रास्त आहे आणि सगळी रसायनं तुम्ही म्हणता तशीच वागतात. पण दोष आकृतीचा नाही, औपचारिक चार्जला खरा चार्ज समजण्याचा आहे.

अमोनियम घ्या परत. औपचारिक चार्ज नायट्रोजनवर +१, हायड्रोजनवर ०. आता विचार करा, नायट्रोजनची विद्युतऋणता ३.०४, हायड्रोजनची २.२०. प्रत्येक बंधातली जोडी नायट्रोजनकडे सरकलेली. म्हणजे प्रत्यक्षात धनपणा बाहेरच्या चार हायड्रोजनांवर पसरलाय आणि नायट्रोजन उलट किंचित ऋणच आहे. म्हणूनच अमोनियमशी कुणी जवळीक करायला येतो, पाणी म्हणा क्लोराइड म्हणा, तो हायड्रोजनच्या बाजूने येतो, आणि आम्लासारखं वागताना अमोनियम हायड्रोजनच सोडतो. हायड्रोनियमचंही तसंच.

औपचारिक चार्ज काढताना आपण प्रत्येक जोडी अगदी निम्मी निम्मी वाटतो, ओढाताण शून्य धरतो. ऑक्सिडेशन अंक काढताना जोडी पूर्ण जास्त ओढणाऱ्याला देतो. खरं चित्र या दोन टोकांच्या मधे असतं. एनओ+ च्या तिहेरी बंधात ऑक्सिजनचा औपचारिक वाटा तीन इलेक्ट्रॉनांचा, पण तो ओढून घेतो त्याहून जास्त, त्यामुळे कागदावरचा त्याचा +१ प्रत्यक्षात बराचसा पुसला जातो आणि नायट्रोजन उघडा पडतो. म्हणून हल्ला नायट्रोजनवर. आणि शिवाय हल्ला झाल्यावर काय होतं ते बघा. नायट्रोजनवर नवा बंध झाला की तिहेरीतली एक जोडी ऑक्सिजनकडे परत जाते आणि त्याचा प्लस मिटतो, सगळ्यांची अष्टकं टिकून. ऑक्सिजनला नवा बंध लावायला गेलात तर जोडी नायट्रोजनकडे सरकवावी लागते, आणि मग नायट्रोजन उणे, ऑक्सिजन अधिक, अशी न आवडणारी मांडणी होते. ठिपक्यांची आकृती हे सांगते, फक्त पुढची पायरी काढून बघितली तर.

रिकामीकक्षा

ही पुढची पायरी काढून बघायचं डोक्यात नव्हतं आलं. मी दोन्ही बाजूंनी काढून बघितलं आत्ता, पटलं. आक्षेप मागे घेतो.

तांबडाफॉस्फरस

माझ्याकडून एनओ२+. हौद ५ + १२ − १ = १६. ओ = एन = ओ, चार रेघांत ८, उरलेले ८ दोन ऑक्सिजनवर दोन दोन जोड्या. नायट्रोजनवर एकही ठिपका नाही, ५ − ० − ४ = +१. कार्बन डायॉक्साइडचा सख्खा भाऊ, अगदी सरळ रेषेत. तीव्र नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात हाच तयार होतो आणि बेंझीनवर जातो.

वजाबाकी विसरली की काय होतं ते यातच फार सुंदर दिसतं. एक इलेक्ट्रॉन न काढता १७ घेतले तर तो एनओ२ वायू, नायट्रोजनवर एक एकटा ठिपका, रेणू वाकलेला, कोन १३४ अंश. अजून एक मिळवला, १८, तर नायट्राइट, नायट्रोजनवर पूर्ण जोडी, कोन ११५. म्हणजे १६, १७, १८ आणि कोन १८०, १३४, ११५. हौदातला एकेक इलेक्ट्रॉन नायट्रोजनच्या डोक्यावर येऊन बसतो आणि दोन्ही ऑक्सिजनना खाली दाबतो. मला लुईस संरचनेवर विश्वास बसला तो या तीन आकड्यांमुळे.

घुमटाकार

फॉस्फरसभाऊ फारच आवडलं. हायड्रोनियमसुद्धा मधे एकच अणू आणि तीन बंध म्हणून सपाट त्रिकोणी ना?

निळालिटमस

नाही हो, लोन पेअर विसरलात. तीन बंध आणि एक जोडी, म्हणजे अमोनियासारखा बुटका पिरॅमिड. सपाट त्रिकोणी हवा असेल तर मधल्या अणूवर काहीच उरलं नसलं पाहिजे, जसं मिथाइल कॅटायन (कॅटायन म्हणजे धन आयनच), सीएच३+. ४ + ३ − १ = ६. तीन रेघांतच संपले.

घुमटाकार

बरोबर, चूक लक्षात आली. सीएच३+ मधे कार्बनचं अष्टक भरत नाही, ते चालतं?

शोषणपट्टी

चालवावं लागतं, कारण हौदात आहेतच सहा. इथे फार मुलं घाबरून दोन ठिपके पदरचे घालतात. घातले की तो कॅटायन राहत नाही, आठ इलेक्ट्रॉनांचा सीएच३− होतो. नाहीतर हायड्रोजनला दुहेरी बंध काढतात, तेही अशक्य. रिकामी जागा रिकामीच दाखवायची, तीच त्या आयनाची ओळख आहे, त्या रिकाम्या जागेमुळेच तो समोर दिसेल त्याच्याकडून जोडी घ्यायला धावतो.

आणि शेजारी लोन पेअरवाला अणू असला की तो ती जागा भरून देतो. सीएच२ओएच+ काढून बघा, ४ + ३ + ६ − १ = १२. एका आकृतीत कार्बनवर प्लस आणि सहा इलेक्ट्रॉन, दुसरीत ऑक्सिजनने जोडी आत दिली, दुहेरी बंध झाला, प्लस ऑक्सिजनवर, सगळ्यांची अष्टकं पूर्ण. दुसरीचा वाटा मोठा. म्हणजे वरचा एनओ+ चा न्याय इथेही.

ट्रोपिलियम, सी७एच७+, तर बघतच राहावा असा आहे. सात कार्बनांचं कडं, हौद २८ + ७ − १ = ३४, आणि प्लस सातपैकी कुठल्याही कार्बनवर काढा, सात समान आकृत्या होतात, म्हणजे प्रत्येकावर चार्जचा सातवा हिस्सा. याचा ब्रोमाइड क्षार १८९१ मधेच हाताशी आला होता पण तो आहे काय हे १९५४ मधे उमगलं. कुणाचा इलेक्ट्रॉन गेला हा प्रश्न सात जणांना विचारून बघा म्हणावं भाचीला.

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

सगळं तिला वाचून दाखवलं. अमोनियमच्या दोन वाटा तिने स्वतः कागदावर काढल्या आणि म्हणाली आता कळलं. एनओ+ ची तिची आकृती चूक नव्हती, कमी वाट्याची होती, हे ऐकून तिला किती बरं वाटलं म्हणून सांगू. खडूचीभुकटी ताई, तुमचे विशेष आभार.

तिला आता अवघड काहीतरी द्या म्हणतेय. मधल्या अणूवर आठापेक्षा जास्त येतील असं.

तांबडाफॉस्फरस

मग माझ्या नावाला जागून आधी फॉस्फरस, पण यात जास्त येत नाहीत हीच गंमत. फॉस्फरस पेंटाक्लोराइड घन अवस्थेत पीसीएल५ म्हणून राहतच नाही, पीसीएल४+ आणि पीसीएल६− अशा जोडीने राहतो. पीसीएल४+ : ५ + २८ − १ = ३२. चार रेघा ८, प्रत्येक क्लोरीनवर तीन जोड्या २४, झाले ३२. फॉस्फरसवर बरोब्बर आठ.

सीएलएफ२+ : ७ + १४ − १ = २०. दोन रेघा ४, फ्लोरिनांवर १२, उरले ४, ते मधल्या क्लोरीनवर दोन जोड्या. वाकलेला. क्लोरीन : ७ − ४ − २ = +१. हाही आठातच.

आता जास्तवाला, झेनॉनचा एक्सईएफ३+. ८ + २१ − १ = २८. तीन रेघा ६, फ्लोरिनांवर १८, उरले ४, झेनॉनवर दोन जोड्या, म्हणजे झेनॉनभोवती १०. पाच दिशा, त्यातल्या दोन लोन पेअरने घेतलेल्या, आकार इंग्रजी टी सारखा. उरलेले इलेक्ट्रॉन नेहमी शेवटी मधल्या अणूवर टाकायचे एवढं पाळलं की हे सगळे आपोआप सुटतात.

शोषणपट्टी

झेनॉन निघालाच आहे तर ओ२+ चं नाव घ्यायलाच हवं. प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइडने ऑक्सिजन वायूतून इलेक्ट्रॉन काढून घेतला आणि ओ२+ चा क्षार मिळाला, हे नील बार्टलेट यांनी दाखवलं. मग त्यांच्या लक्षात आलं की ऑक्सिजन रेणूतून इलेक्ट्रॉन काढायला जितकी ऊर्जा लागते जवळपास तितकीच झेनॉनला लागते, दोन्हीकडे साधारण १२.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि त्यांनी झेनॉनवर तोच प्रयोग केला. १९६२. निष्क्रिय वायूचं पहिलं खरं संयुग.

पण याची लुईस संरचना काढायला बसलात तर हौदात ११. विषम. ऑक्सिजन रेणूत १.२१ अँगस्ट्रॉमचा बंध इथे १.१२ होतो, परत आखूडच. ठिपक्यांनी हे दाखवताना फार ओढाताण होते कारण गेलेला इलेक्ट्रॉन बंध सैल करणाऱ्या कक्षेतला होता आणि असल्या कक्षा ठिपक्यांच्या भाषेत नाहीतच. इथे रेणुकक्षांकडे, म्हणजे अख्ख्या रेणूवर पसरलेल्या कक्षांकडे, जावं लागतं, तिला सध्या एवढंच सांगा.

खडूचीभुकटी

आणि एच३+. ३ − १ = २. तीन अणू आणि सगळे मिळून दोन इलेक्ट्रॉन. रेघ एकच काढता येते आणि जोडायचे आहेत तीन. प्रत्यक्षात तो समभुज त्रिकोण आहे, एकच जोडी तिघांना मिळून धरते. जे. जे. थॉमसन यांना तो १९११ साली सापडला, १९८० मधे त्याचा वर्णपट प्रयोगशाळेत मिळाला, नंतर गुरूच्या ध्रुवीय प्रकाशात आणि ताऱ्यांमधल्या ढगांतही. सीएच५+ सुद्धा याच जातीचा, हौदात ८ पण जोडायचे पाच हायड्रोजन. अशा कार्बनी कॅटायनांवरच्या कामासाठी जॉर्ज ओला यांना १९९४ चं नोबेल मिळालं. हे दोन आयन मुलांना मुद्दाम द्यावेत असं माझं ठाम मत आहे. जिथे आकृती काढता येत नाही तिथे आपण नक्की काय गृहीत धरत होतो ते कळतं : जोडी दोघांचीच असते, हे.

तिच्यासाठी गृहपाठ : एन५+. पाच नायट्रोजन एका ओळीत जोडलेले. १९९९ मधे कार्ल क्रिस्टे आणि सहकाऱ्यांनी बनवलाय, खराखुरा आहे. हौद किती, एकूण किती आकृत्या निघतात आणि आकार सरळ की वाकडा, एवढं शोधायचं.

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

दोन दिवस लावले तिने. २५ − १ = २४. कोपऱ्यात गोल केलेला आकडा आहे!

पहिली आकृती : एन ≡ एन − एन − एन ≡ एन, टोकांवर एकेक जोडी, मधल्यावर दोन. चार्ज ०, +१, −१, +१, ०. बेरीज +१.

दुसरी : एन ≡ एन − एन = एन = एन, जोड्या पहिल्यावर एक, मधल्यावर एक, शेवटच्यावर दोन. चार्ज ०, +१, ०, +१, −१. हिची उलटी केली की तिसरी.

आकाराबद्दल तिने लिहिलंय, तिच्याच शब्दांत देते, "तिन्ही आकृत्यांत मधल्या नायट्रोजनवर एक तरी लोन पेअर आहे म्हणून मधे वाकणार, दुसऱ्या आणि चौथ्यावर कधीच जोडी नाही म्हणून तिथे सरळ."

बरोबर आहे का?

खडूचीभुकटी

पूर्ण बरोबर. मधला कोन साधारण १११ अंश मोजलाय, आकार व्हीसारखा. दुसऱ्या आणि चौथ्यापाशी जवळजवळ सरळ. तिला माझी शाबासकी द्या, आणि विचारा की एकाच आयनात दोन प्लस आणि एक मायनस आला तरी आपण कंसाबाहेर एकच प्लस का लिहितो.

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

विचारलं. म्हणाली, "आतले आपण वाटले म्हणून आले. हौदातून बाहेर एकच काढला होता."